कापसातून आलो अन कापसालेच चुकलो

मित्रांनो, शाळेच्या लोखंडी कपाटात, खालच्या खान्यात, फुटक्या ढोलाच्या बाजूले जो धूळ खात पडला हाये ना, थो मी. मी एक जुना प्रोजेक्टर हाये. हसू नोका. एके काळी माह्यासमोर अख्खी शाळा गुमान बसे.

वडनेर भोलजीच्या बाजूले आमचं गाव. वेचणीच्या दिवसात घराघरातून एकेक गाठोडं कापूस शाळेत आला. थो कापूस इकून मले मलकापुरातून आणलं. पडदा नोयता, तं गावातल्या किसनरावचं धुतलेलं धोतर भितीले टांगलं. त्यावर मी समुद्र दाखोला. पोट्टे उठून धोतराले हात लावून पाहेत, वलं झालं का म्हणून!

धडे माह्ये नोयते. दूरच्या कोण्या माणसानं बनवून पेनड्राइव्हमधी भरले होते. काही लय झाक होते. पण लावायच्या आधी एकदा बसून कोणीच तपासले नाई. भितीवर दिसलं म्हणजे खरंच असन, असं सगळे धरून चालले. मीबी.

सतराच्या साली सहावीले कापसाचा धडा लावला. पाकळ्या पिळून बंद झालेलं एक फूल मी दाखोलं. माह्यातून बाईचा गोड आवाज निंगाला, "कपाशीची कळी उमलत आहे. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही."

अख्तरीबाईची फलक ताडकन उठली. "सर, थे उमलून नाई राह्यली. डोमकळी हाये थे. तिच्यात अळी असते. अम्मी रोज तोडते."

"बस खाली," उत्तमराव सर म्हणे. "बनोणारे काय येडे हाये का?"

मांगून किसनरावचा गोविंदा वरडला, "लय शहानी हाये बे हे! धोतर काढा, हिलेच टांगा!"

सगळे हसले. फलक डोळे पुसत बसली. मले असा राग आला! पण करू काय? माह्यात जे भरलं, तेच माह्या तोंडून निंगते.

वीस-पंचवीस दिवसानं गोविंदा वर्गात आला अन माह्याजवळ टेबलावर एक बोंड ठेवलं. काळं पडलेलं, किडकं.

"सर, आमच्या वावरात तशाच कळ्या होत्या. बाबा म्हणे, हे काय होय? बीटी आल्यापासून त्यानं असं फूल पाह्यलंच नोयतं. मी म्हटलं, उमलून राह्यल्या, शाळेत दाखोलं. बाबानं माह्यं आयकलं." त्यानं थे बोंड फोडून दाखोलं. "आता पाहा. झाडागणिक असंच हाये."

या खेपी कोणीच हसलं नाई. सरनं थे बोंड हातात घेतलं. मंग म्हणे, "चूक तुही नाई, गोविंदा. माह्यी हाये." अन फलककडे वळले. "चाल बाई, तूच शिकव आम्हाले."

सारा वर्ग अख्तरीबाईच्या वावरात गेला. फलकनं तळहातावर डोमकळी सोलली. सरनं मोबाईलमधी घेतलं. थो धडा पेनड्राइव्हमधी आला अन मी धोतरावर लावला. बोटाएवढी जागा नोयती वर्गात. मायबाप दारात उभे. फलकचा आवाज गोड नोयता, खरखरीत होता. "हे पाहा, आत अळी. तोडा अन जाळून टाका. गोविंदा, फांदी नीट धर ना बे!"

त्या दिवशी मले पयल्यांदा वाटलं, का लोकायच्या कापसाचं मी काही तरी फेडलं.

मंग दरसाल थोच धडा लागे. पुढं माह्यं दिसणं अंधुक झालं. सरची बदली झाली. मोठा टीव्ही आला, त्याचे धडे त्याच्यातच. मले पेनड्राइव्हसकट कपाटात कोंबलं.

टीव्हीवर माहा राग नाई. थोबी माह्यासारखाच, भरलं तेच बोलते. पण काल भितीपलीकडून आयकू आलं, तोच गोड आवाज, "कपाशीची कळी उमलत आहे."

मी कान लावून बसलो. आता कोणी उठन, आता कोणी बोलन.

कोणीच उठलं नाई.

मित्रांनो, मले दुरुस्त नोका करू. भंगारात देल्लं तरी चालते. पण त्याच्या आधी माह्या पाठीत अडकलेला निळा पेनड्राइव्ह काढा. त्याच्यात फलक बोलते. जल्दी करा, यंदाची कपाशी फुलावर येऊन राह्यली.