वडिलांचे रकाने

श्यामकांत तुळपुळे दिल्लीहून प्रगत प्रशिक्षण घेऊन परतले ते अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊनच. खरं तर त्या प्रशिक्षणासाठी मी अर्ज केला होता. आमच्या कलकत्त्याच्या ऑफिसात संगणक आला तेव्हा त्याची भाषा मी पुस्तकावरून एकटीने शिकले होते. पण सेनगुप्तसाहेब म्हणाले, "मिस सोमण, उद्या तुमचं लग्न होईल. तुमच्यावर कशाला खर्च करायचा?" आणि पुण्याहून बदलून आलेल्या या गृहस्थांना पाठवलं. मी जळले. अजूनही जळते.

दिल्लीहून तुळपुळ्यांनी एक मंत्र आणला होता: एकच माहिती दोनदा नोंदवायची नाही. मंत्र खरा होता, खोट जपणाऱ्यात होती. सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर घ्यायची होती आणि एका कार्डावर रकाने मोजकेच. यांनी वडिलांच्या नावाचे रकाने सरळ उडवले.

"मधलं नाव वडिलांचंच असतं की, सुनीतीबाई! तेच दोनदा कशाला?"

"अहो, ते आपल्यात. बंगाल्यांत कुमार, चंद्र हे त्या माणसाच्याच नावाचे तुकडे असतात."

"तुमचा जन्म इथला, कलकत्त्याच्या बागबाजारातला. तुम्हाला काय ठाऊक आपली पद्धत!"

दोन वर्षं हा माणूस बंगाल्यांच्या टेबलाला टेबल लावून डबा खात होता, पण समोरच्याच्या बापाचं नाव विचारावं एवढीही जिज्ञासा त्याला नव्हती.

प्रात्यक्षिकाला साहेब स्वतः यंत्राच्या खोलीत आले. यंत्र खडखडलं आणि मधलं नाव उचलून वडील म्हणून छापू लागलं. बिमल कुमार घोष, वडील कुमार. तपन कुमार दत्त, वडील कुमार. अर्धं ऑफिस एकाच बापाचं निघालं. कार्डं पंच करणाऱ्या मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग आले अमल कुमार सेनगुप्त, वडील कुमार.

"माझ्या वडिलांचं नाव शशिभूषण," साहेब थंडपणे म्हणाले.

तुळपुळ्यांनी कागद पाहिला, साहेबांना पाहिलं. "सर, तुम्ही माहिती देताना काही चुकलं असेल."

मला वाटलं, संपला हा. साहेबांनी मलाच बोलावलं. मी रकाने परत घातले, कार्डं पुन्हा पंच करून घेतली आणि कागद बिनचूक काढून दिला. साहेब खूश झाले.

त्याच आठवड्यात पुढच्या प्रशिक्षणाचा हुकूम निघाला, तोही लंडनचा. नाव तुळपुळ्यांचं. मी तडक साहेबांकडे गेले.

"त्यांना शिकण्याची गरज आहे, मिस सोमण," साहेब समजावत म्हणाले. "तुम्हाला सगळं येतंच. तुम्हाला पाठवून काय उपयोग?"

पालथ्या घड्यावर आता लंडनचं पाणी पडणार होतं. निघताना तुळपुळ्यांनी यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"मी येईपर्यंत सांभाळा, सुनीतीबाई. आणि कशाला हात लावू नका."