निळे चौकोन

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता पद्मा टिल्लू यांनी रुग्णालयात फोन करून स्वतःची शस्त्रक्रिया रद्द केली. वय एकाहत्तर, पित्ताशयात खडे, तारीख त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं.

"बिटिया आ रही है," पद्माताई म्हणाल्या. "मार्च में करेंगे."

बिटिया, म्हणजे शर्मिष्ठा, तेव्हा अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर होती. लखनौच्या रेल्वे रुग्णालयातली ही भूलतज्ज्ञ सव्वा वर्षापूर्वी तिथल्या भारतीय संशोधन केंद्राची डॉक्टर म्हणून गेली. तिला परत आणायला आलेलं जहाज समुद्रावरच्या बर्फाच्या कडेला अडकून पडलं होतं. जहाजावर हेलिकॉप्टर होतं, पण केंद्र शंभर किलोमीटरच्या आत आल्याशिवाय ते उडवायचं नाही, असा नियम होता. अंतर होतं एकशे चाळीस.

पद्माताईंची अट एकच होती. भूल देताना उशाशी शर्मिष्ठा हवी. त्यांचे यजमान एका साध्या शस्त्रक्रियेत भुलीतून शुद्धीवर आलेच नव्हते. हृदय कमजोर होतं, दोष कुणाचा नव्हता, हे शर्मिष्ठाने त्यांना अनेकदा समजावलं होतं. त्यांना ते पटतही असे. पण अट कायम राहिली.

तारीख रद्द करण्याचा धीर त्यांना जावयाने दिला. उल्हास कार्लेकर राज्य सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मातीचा ओलावा उपग्रहावरून मोजणं हे त्याचं काम. माती, बर्फ, पाणी, सगळ्यांतून फार क्षीण सूक्ष्मलहरी बाहेर पडत असतात. ढग असोत की अंधार, त्या वर पोचतात. कोरड्या मातीतून त्या जास्त येतात, ओल्या मातीतून कमी. समुद्राचंही तसंच: बर्फातून जास्त, पाण्यातून कमी. उपग्रह रोज मोजतो आणि नकाशावर पंचवीस-पंचवीस किलोमीटरचे चौकोन रंगवले जातात. पांढरा म्हणजे बर्फ, निळा म्हणजे पाणी.

मातीचे नकाशे उघडण्याआधी उल्हास रोज तो दुसरा नकाशा उघडत असे. किनाऱ्यालगतच्या एका चौकोनात त्याची बायको होती. त्या चौकोनातल्या प्रत्येक वस्तूच्या लहरी उपग्रहापर्यंत पोचत होत्या. तत्त्वतः तिच्याही. मोजता येतील इतक्या नव्हेत.

त्या फोनच्या आदल्या दिवशी, रविवारी, लखनौच्या महानगर भागातल्या घरात पोहे चालू असताना त्याची मुलगी स्वरदा नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावरून डोकावली. ती नववीत आहे. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी.

"बाबा, आज नीला हुआ क्या?"

"झालं! बघ. जहाजापासून किनाऱ्यापर्यंत. काल नव्वद टक्के बर्फ होता, आज चाळीस."

"म्हणजे काय हो, उल्हासराव?" पद्माताईंनी विचारलं.

"म्हणजे रस्ता उघडतोय, आई. आठवड्यात जहाज पोचेल. महिनाअखेर शमू घरी."

"नक्की ना? माझं पोट काही तुमच्या नकाशाला विचारून दुखत नाही."

"अहो, हेच तर माझं काम आहे."

"तुमचं काम सीतापूरच्या शेतातला चिखल मोजायचं," पद्माताई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला.

बुधवारी दुपारी केंद्रावरून शर्मिष्ठाचा फोन आला. आवाज तुटत होता.

"कसला रस्ता? अरे, बर्फाच्या वर तळी साचलीत. ऊन पडतंय चार दिवस. काल भोक पाडून मोजलं, खाली दीड मीटर बर्फ तसाच आहे."

उल्हासने नकाशा पुन्हा उघडला. ते निळं म्हणजे बर्फावर साचलेलं पाणी होतं.

"हॅलो? पाटाचं पाणी सोडलेल्या शेताला तू पाऊस झाला म्हणतोस का?"

"नाही. आधी कालव्याच्या ऑफिसला फोन करतो."

"मग मला का नाही केलास?" ती हसली. मग तिचं हसणं थांबलं. "आईला काय सांगितलंस?"

त्याने सांगितलं.

"तिला म्हणावं, माझी वाट बघू नकोस. लगेच करून घे. उल्हास, ऐकतोयस ना? हे पित्ताशय आहे, चिघळलं तर वेळ देत नाही."

निरोप पोचला. "तिला काय जातंय तिकडे बसून हुकूम सोडायला," पद्माताई म्हणाल्या. "एवढे दिवस थांबले, आणखी थोडे थांबेन." शुक्रवार गेला. थंडी वाढली तशी बर्फावरची तळी वरून गोठली आणि चौकोन पुन्हा पांढरे झाले. स्वरदाने विचारणं सोडलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पद्माताईंना कळ आली. उलट्या झाल्या, ताप चढला. घराजवळच्या कपूरथला बाजारातल्या गर्दीतून उल्हासने गाडी काढली आणि त्यांना दाखल केलं. पित्ताशयाला सूज होती. सर्जनने उल्हासला बाजूला घेतलं. सलाईनवर दोन दिवस ताप उतरवू, मंगळवारी सकाळी शस्त्रक्रिया. त्यापुढे थांबणं धोक्याचं. "माँजी को मनाइए."

त्याच दिवशी केंद्रावर हिमवादळ सुरू झालं. फोन बंद पडला.

सोमवारी सकाळी उल्हासने रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून नकाशा उघडला. जहाजापुढचे चौकोन निळे होते. बर्फ पंचेचाळीस टक्के. वादळाने बर्फ फुटला असेल. किंवा वादळाबरोबर आलेल्या उबदार हवेने बर्फावर पुन्हा पाणी साचलं असेल. आकड्यावरून दोन्ही सारखंच दिसतं.

स्वरदाने फोनचा पडदा पाहिला.

"नानी पूछेंगी," ती म्हणाली. "बोल दो ना, सफ़ेद है. मान जाएँगी."

"आणि खरंच फुटला असेल तर?"

"तो भी मम्मी कल तक थोड़ी पहुँचेंगी!"

हे खरं होतं. पद्माताईंनाही ते कळत होतं. जहाज आज निघालं तरी शर्मिष्ठा लखनौला यायला तीन आठवडे लागले असते. पण गेल्या खेपेला आकडा ऐकून त्या हसल्या होत्या, आणि उल्हासला ते हसणं पुन्हा पाहायची इच्छा होती. आत जाईपर्यंत त्याचं काहीच ठरलं नव्हतं.

पद्माताई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पिवळसर दिसत होता.

"आज कसं आहे तुमचं?"

"निळं आहे, आई."

त्या सरळ झाल्या. "शमू निघाली का मग?"

"माहीत नाही. बर्फ फुटलाय की वर पाणी साचलंय, इथून कळत नाही. मी अजून कुणाला विचारलेलं नाही."

"मग विचारा ना, अहो! बसलात काय?"

"विचारतो. पण उत्तर काहीही आलं तरी उद्या करून घ्यायचं."

"ते मी ठरवेन. तुम्ही आधी विचारा."

त्याने तिथेच, त्यांच्या पायाशी बसून, जहाजावरचे हवामान अधिकारी समीर देशमुख यांना ईमेल लिहिली. त्यात एकच प्रश्न होता: जहाज पुढे सरकलं का? पाठवण्याआधी पद्माताईंनी ती वाचायला मागितली आणि खाली एक ओळ घालायला लावली, की शर्मिष्ठाशी बोलणं झालं तर आई बरी आहे म्हणून सांगा.

"बरी आहे?" उल्हासने विचारलं.

"लिहा हो."

दुपारी भूलतज्ज्ञ भेटून गेल्या. पद्माताईंनी त्यांचं नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. शस्त्रक्रियेबद्दल काही विचारलं नाही. संध्याकाळी ताप शंभरावर होता. उपग्रहाच्या दुसऱ्या फेरीत आकडा चाळीसवर आला. केंद्राचा फोन अजून बंद आहे.

जहाजाची कळलेली शेवटची जागा शनिवारची आहे, बर्फाच्या कडेपासून जराशी आत. सर्जन सकाळी आठला येतील. सोमवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत जहाजावरून उत्तर आलेलं नाही, आणि पद्माताईंनी हो म्हटलेलं नाही.