बेबीचं काम

बेबीनंदाला शाळेतून काढलं तवा ती सोळा वर्साची होती अन् बसत होती चौथीत. तातेराव गुरुजी आमच्याच वस्तीतले, मोठ्या मनाचा माणूस. चार वर्सं त्यांनी माझ्या पोरीला त्याच वर्गात बसू दिलं. मंग एक दिवस घरी आले अन् खाली बघून बोलले, मालनबाई, पोरगी आता मोठी दिसती, लोक बोलून राह्यले, घरीच ठेवा. मला असा राग आला. म्हणलं, घरी ठेवून काय करू, लोणचं घालू का तिचं? पर त्यांचं तरी काय चुकलं. बेबीला दहापर्यंत आकडे येत होते, सोताचं नाव सांगता येत होतं. पुढचं तिच्या डोक्यात शिरतच न्हवतं.

हिचा बाप कवाच गेल्ता. मला एकच घोर होता, मी मेल्यावर ही काय खाईल? भाऊबंद चार दिवस भाकर देतील, मंग दार लावून घेतील. म्हणून तिला घेऊन कचरू पाटलाच्या शेतात खुरपायला गेले. बेबीनं गवत ठेवलं अन् ज्वारी उपटली. दुसऱ्या दिवशी बी तेच. पाटलाची बायको नंदाबाई तशी वाईट न्हवती, पर तिनं बी हात जोडले. मंग सगळ्या वाटूर गावात कोणी तिला कामावर घेईना.

बाहत्तरचा दुस्काळ पडला. इहिरी आटल्या, ढोरं मातीमोल गेली, वाडे-वावरवाले बी आमच्या संगट सरकारनं काढलेल्या तलावाच्या कामावर आले. तिथं कोणी इचारलं न्हाई की हिला येतं काय. घमेलं दिलं अन् माती टाक म्हणले. माती टाकायला पीक कोणतं अन् तण कोणतं, वळखावं लागत न्हाई. भरलेलं घमेलं न्यायचं, रितं करायचं, माघारी यायचं. बेबी त्यात बिलकुल चुकली न्हाई.

आधी मी तिच्याच टोळीत होते. घमेलं तिच्या डोक्यावर मीच ठेवायचे, पाणी मीच पाजायचे, साहेबराव मुकादमानं तिचं नाव पुकारलं की ओ बी मीच द्यायचे. मंग वाटलं, अगं बये, अशानं ही शिकंल कवा? मुकादमाला सांगून मी तलावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. पयल्या दिवशी ती मला हुडकत रडली. मी लांबून बघून राह्यले होते, पर काळजावर दगड ठेवला अन् गेले न्हाई. हळूहळू ती सोता ओ देऊ लागली. वेणी सोता घालू लागली, वाकडी का व्हईना. कामावर खायला सुकडी मिळायची, त्यातली मूठभर माझ्यासाठी पदरात बांधून आणायची. पगार झाला की आंगठा लावून मूठ गच्च दाबून यायची अन् माझ्या पुढ्यात उघडायची. म्हणायची, "माय, तू बस आता. मी हाय ना."

त्या वर्साला मला पयल्यांदा वाटलं, आता मी मेले तरी चालतंय. दुनिया पाण्यावाचून तळमळत होती अन् मी सुखानं झोपत होते.

पुढच्या साली पाऊसपाणी बराबर झालं अन् तलावाचं काम बंद पडलं. जो तो आपल्या वावरात गेला. बेबीला किती सांगितलं, समजंना. रोज वेणी घालून तलावावर जायची अन् नाव पुकारायची वाट बघत बसायची. दिस कलला की मी जाऊन तिला हाताला धरून आणायचे. येताना म्हणायची, मुकादम आज बी न्हाई आला, उद्या येईल. मी मुकादमाच्या घरी बी जाऊन आले. त्यो बिचारा सोताच रिकामा बसल्ता.

शेवटी नंदाबाईच्या हातापाया पडले अन् बेबीला तिच्या शेतात नेलं. ती म्हणली, मालन, तू खुरपायला लाग, पोरगी बसंल बांधावर. ज्वारी गुडघ्याएवढी झाल्ती. बाया कित्येक दिवसांनी हसून बोलत होत्या, एकमेकींची चेष्टा करत होत्या. बेबी बांधावर बसून नुसती आमच्या हातांकडं बघत होती. मधीच मोठ्यानं बोलली, "माय, दुस्काळ आता कवा येईल?"

सगळ्यांची खुरपी थांबली. नंदाबाईची बैलजोडी दुस्काळात दावणीला मेल्ती, तिचे तर डोळेच भरून आले. बाजूच्या ओळीतली साळूबाई माझ्यावर खेकसली, पोरीचं तोंड आवर म्हणून. मी तरातरा उठून गेले. पोरीच्या एक ठेवून द्यावी म्हणून हात बी उचलला. पर तिनं खरंच इचारलं होतं, अन् तिला खरंच उत्तर पायजे होतं.

मी खाली बसले. तिच्या कानाशी तोंड नेलं अन् बायांना ऐकू जाणार न्हाई असं बोलले, "येईल, बाई."

खोटं कशाला सांगू, मला बी तवा तोच पायजे होता.