‘पाहिले’, सही आणि तारीख

आमच्या घरात आजारपणाची फाईल एकच, आणि ती ह्यांची. वर ठळक अक्षरात ‘श्रीनिवास’. त्यांचं हृदय, त्यांची साखर, त्यांचा दमा. माझे गुडघे, थायरॉईड, रक्तदाब असले किरकोळ कागद तळाशी. माणूस चाळीस वर्षं कारकुनी केलेला. वाचलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’, सही आणि तारीख. देवगाव रंगारीहून आलेली लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटली नाही.

यंदा दोघंही एकाच हॉस्पिटलात येऊन पडलो. छातीत दुखलं म्हणून ते वर पुरुषांच्या वॉर्डात, मी सुजलेले पाय घेऊन खाली. मनस्विनी नावाची शिकाऊ डॉक्टर म्हाताऱ्यांच्या जुन्या दुखण्यांची नोंद करत होती. म्हणाली, “आजी, वरच्या वॉर्डात हृदय न् फुप्फुसंच जास्त. इथं सांधे, थायरॉईड, रक्तदाब, एकेकीला तीन-तीन. आणि तुम्ही बायका येता उशिरा. तुमच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात. गुडघ्यांसाठी काय घेत होता?”

“रोज दोन गोळ्या. हेच आणतात शहागंजातून, न चुकता.” अभिमानानं सांगितलं मी. मूर्खासारखं.

तिचा चेहरा उतरला. तिनं जुने रिपोर्ट मागितले. लेक स्वरदानं घरून फाईल आणली. तळातून माझाच तीन वर्षांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट निघाला. तेव्हा हे म्हणाले होते, “सगळं नॉर्मल आहे.” त्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं: किडनीवर परिणाम, दुखीच्या गोळ्या ताबडतोब बंद, तज्ज्ञांना दाखवा. आणि कोपऱ्यात ह्यांच्या सुबक अक्षरात ‘पाहिले’.

स्वरदानं मला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

नजर चुकवत ते म्हणाले, “त्याच महिन्यात माझी अँजिओप्लास्टी ठरली होती. गोळीशिवाय तुला ओट्याशी उभं राहवत नव्हतं. माझं अळणी जेवण कोण करणार होतं?”

“आणि पुढची तीन वर्षं?”

“राहून गेलं.”

राहून गेलं म्हणे! पत्रिकेवर सही करायची नाही राहिली कधी. केसानं गळा कापला या माणसानं माझा. आणि मी दर महिन्याला त्यांच्या हातून गोळ्यांचं पाकीट घेताना म्हणायचे, ‘अहो, किती करता माझं!’

उशाशी त्यांचं पेन होतंच. ते उचललं आणि त्यांच्या सहीखाली लिहिलं, ‘पाहिले. मीनाक्षी.’ खाली आजची तारीख. कागद परत फाईलमध्ये न घालता मांडीवर ठेवला.

“घरी गेल्यावर बोलू गं,” ते म्हणाले. “तुला कधी सोडतायत? इथलं जेवण घशाखाली उतरत नाही.”

मी स्वरदाकडे वळले. “खाली ने मला. आणि उद्या येताना एक नवी फाईल आण. माझ्या नावाची.”