रेडियोला वाहिलेलं कुंकू

नर्मदाने बॅटरीची वायर काढली, बंद पडलेला रेडियो पडवीतल्या चटईवर ठेवला आणि मागचा पुठ्ठा सोडवायला घेतला.

"आता आणि मोडून ठेव," उंबऱ्यावर बसलेली तिची सासू, काशीबाई म्हणाली. "फाल्या सकाळच्या एसटीन तळेऱ्याक धाडतंय तेका. तुज्या बापाशीन दिल्यान, तेच्याच घराक जांवदे."

"आये, एकदा बघतंय."

लग्नात दिलेला रेडियो वर्षाच्या आत परत जायचा, म्हणजे वडिलांनी मान खाली घालायची. शेजारच्या हौसाबाईने तर विहिरीवर सांगूनही टाकलं होतं, की सुनेच्या माहेरच्यांनी जुनाट डबा गळ्यात मारला. ते ऐकून नर्मदा रिकामी घागर घेऊनच परतली होती.

तिचा भाऊ परशुराम मुंबईत रेडियो दुरुस्त करायचा. आत ओलं फडकं न्यायचं नाही, तोंडाने फुंकायचं नाही, हे त्याने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. तिने उन्हात वाळवलेलं कोंबड्याचं मऊ पीस घेतलं. जळमटं निघाली, धूळ निघाली. मग, बटण फिरवलं की एकमेकांत सरकतात त्या पातळ पत्र्यांपाशी ती आली आणि थबकली. पत्र्यांच्या मधे लाल गाळ बसला होता. कुंकू!

दर मंगळवारी, शुक्रवारी काशीबाई देवांबरोबर रेडियोलाही कुंकू वाहायची. घरात बोलती लक्ष्मी आली म्हणायची. वरच्या फटींतून ते आत गेलं होतं आणि खाऱ्या हवेने तिथेच चिकटलं होतं.

नर्मदाला राग आला, चांगलाच आला. हाक मारून दाखवावं, असं अगदी ओठांवर आलं. पण कुंकू वाहताना सासूचा चेहरा कसा उजळायचा, तेही तिने पाहिलं होतं. एकेक पत्रा तिने हलक्या हाताने साफ केला आणि लाल झालेलं पीस मुठीत दडवलं.

"काय गावला?"

"धूळ होती, आये."

वायर जोडली. रेडियो जरासा खरखरला आणि भजन सुरू झालं. काशीबाईने हात जोडले. तिची नजर चटईवरच्या लाल भुकटीवर गेली, तिथून सुनेच्या मिटलेल्या मुठीकडे.

आवाज ऐकून हौसाबाई कुंपणाशी आली.

"बोलाक लागलो गो? काय झालेला तेका?"

नर्मदा तोंड उघडणार, तोच काशीबाई अंगणात उतरली आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रेडियोक काय एक झाला नाय. व्याह्यांनी बरी वस्तू दिल्यानी. माजाच कुंकू तेच्या पोटात गेलेला."