आतलं इंजिन

नवसू सोमवारी पोशेरा सोडून जव्हारला लेकीकडे कायमचा राहायला जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या थोरल्या भावाला, ढवळूला, तेवढं ठाऊक नव्हतं. आपल्याला काही ठाऊक नाही, असं ढवळू स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होता.

दोघांचं बोलणं तुटलं ते राबावरून. राब म्हणजे भाताच्या रोपासाठी पाला पसरून जमीन भाजायची; त्या पाल्याला वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावावी, म्हणजे ती सावकाश सरकते. नवसूनं सुलट लावली. ढवळूची गवताची गंजी गेली, आणि गंजीमागं झोपलेला कोंबडा त्यानंतर कधी आरवला नाही. त्याआधी दोघे एकाच ओंडक्यावर बसून राबाच्या निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजत, आणि पहिली आठळी ढवळूच्या नातीच्या, योगिताच्या, ओंजळीत पडे. तो वास तिला पुण्यात संशोधन करताना, उपग्रहावरच्या दुर्बिणीचे आलेख बघतानाही येई. मार्गदर्शकांना तिनं हे कळवलं नव्हतं.

ती सुट्टीला आली तेव्हा ढवळूनं विचारलं, तू तिथं करतेस काय?

लांबचा एखादा तारा कोसळतो, ती म्हणाली, क्षणभर गॅमा किरणांचा भयंकर स्फोट होतो, मग मागं मंदावत जाणारा उजेड उरतो. तो निमूट विझावा, तर मध्येच भडकतो. का, ते ती शोधत होती.

"बाहेरून कोणी काडी लावीत असंल," ढवळू म्हणाला.

तसं असतं तर उजेड हळूहळू चढला असता. हे भडके झटकन चढतात, झटकन उतरतात, आणि उजेड पुन्हा आधीच्याच चालीनं विझू लागतो. "म्हणून वाटतं, आजा, बाहेरचं कोणी नाही. कोसळलेल्या ताऱ्याच्या आतलं इंजिनच अजून चालू आहे."

ढवळू मनातल्या मनात अबोल्यानंतरचे भडके मोजू लागला. हळदीत तो नवसूच्या नाचाला हसला होता, ग्रामसभेत नवसू त्याच्या टोपीला. प्रत्येक भडक्याचं खापर त्यानं भावजयीवर, कमूवर, फोडलं होतं. कमू वारली, तरी भडके थांबले नव्हते.

"हा तुला नवसून सांगला?"

"नाही. उपग्रहानं."

ढवळू उठला आणि थेट नवसूच्या शेतावर गेला; मागोमाग योगिताही. नवसू शेवटच्या राबाला काडी लावायला वाकला होता.

"उलट बाजूनं लाव."

"इतक्या वर्षांनी आला, तर हाच सांगाया?" असं म्हणून नवसू काडी घेऊन पलीकडच्या बाजूला गेला.

मग ओंडक्यावर बसून कोंबड्यावरून भांडण झालं. निखारे पडले तसं नवसूनं कमरेची पिशवी सोडली. एकट्या माणसासाठी आठळ्या फारच होत्या. योगितानं ओंजळ पुढं केली.

सोमवारी ढवळू त्याला एसटीत बसवायला गेला. भांडण संपेना, म्हणून तिकीट काढून जव्हारपर्यंत गेला.