तिसऱ्या मजल्यावरचा ठिपका

एक्स-रेची फाईल आणायला गेले आणि परत येते तो बाबाची खुर्ची रिकामी! अंधेरीतलं एवढं अवाढव्य हॉस्पिटल, त्यात बाबा हल्ली मला कधी ओळखतो, कधी नाही. गेल्या महिन्यात घरातून निसटला तो भर ट्रॅफिकमधून थेट खारदांड्याच्या धक्क्यावर, विकून टाकलेली होडी शोधत. आज रस्त्यावर गेला तर?

तरी एक आधार होता. इथल्या छतावरच्या वायफायच्या खोक्यांवर आमच्याच साकीनाक्याच्या कंपनीची यंत्रणा चालते. कुठल्या खोक्याचा सिग्नल फोनला किती जोरात मिळतो, त्यावरून माणूस नकाशावर ठिपका होऊन दिसतो. सकाळीच बाबाच्या हातात फोन देऊन बजावलं होतं, "जिवापाड जप हा. हा असला की मी तुला कुठूनही शोधून काढीन."

ऑफिसातून माझा सहकारी सर्वेश नकाशा बघत फोनवर सांगत होता. "तिसरा मजला, मागचा जिना."

धावले. तिथं नुसती बादली आणि पोछा.

"आता दुसरा दाखवतोय गं."

तिथंही कुणी नाही.

"ठिपका आहे की उडती मासोळी रे? माझा बाप हरवलाय!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस यार? सगळ्याच खोक्यांचे सिग्नल मंद येतायत, म्हणून तो लांब दिसतोय."

"सगळेच?"

"सगळेच."

मी जिन्यातच थबकले. माणूस एका खोक्यापासून लांब गेला की दुसऱ्याच्या जवळ जातो. सगळीच मंदावली, म्हणजे फोनच कशाने तरी झाकलाय.

"त्यातल्या त्यात जोरात कुठलं ते बघ."

"तळमजला. एक्स-रेचं दार."

बाबा तिथंच होता, पाण्याच्या कूलरमागच्या बाकावर. मी समोरूनच धावत गेले होते! मांडीवर त्याचा स्टीलचा डबा. होडीवर काडेपेटी भिजू नये म्हणून ठेवायचा तोच, अजून कुठंही सोबत नेतो. दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलेलं.

राग आला, रडूही आलं. "बाबा, फोन कुठाय?"

त्याने अनोळखी नजरेनं माझ्याकडं पाहिलं, झाकण जरासं उचकटून आतला फोन दाखवला.

"सापडला! तळमजला!" सर्वेश कानात ओरडला.

"माझ्या पोरीनं दिलाय गो बाय," बाबा हळूच म्हणाला. "हा जपला की ती येनार हाय."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याने झाकण पुन्हा गच्च लावलं.

"अगं, परत तिसऱ्या मजल्यावर गेला!" सर्वेश म्हणाला.